फाशी झाली होती ना, मग अजून जिवंत कसे?

रामबागेत माझी मावशी राहते. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे कमी, पण सकाळचं हिंदी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं हा तिचा नेम. मी इंदूरच्या कोर्टात जमिनी-घरांचे दावे चालवणारा साधा दिवाणी वकील. फौजदारी बाजूला माझं जाणं म्हणजे चहा प्यायला. पण मावशीच्या लेखी वकील म्हणजे वकील. मे २०२२ मधल्या एका सकाळी मी पोहे-जिलबीचा पुडा घेऊन गेलो, तर तिनं पुडा बाजूला सारला आणि पेपर माझ्यापुढे टाकला.

“ह्या लोकांना फाशी झाली होती ना रे? आठ-नऊ वर्षं झाली, मी स्वतः वाचलंय. मग हे अजून जिवंत कसे? आणि आता म्हणे फाशी रद्द!”

बातमी आमच्याच शहराची होती. जून २०११ मध्ये इंदूरमधल्या एका घरात भरदिवसा तीन पिढ्यांतल्या तीन स्त्रियांचा खून झाला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी दार उघडण्याआधी खिडकीतून दोनदा विचारायच्या, कोण म्हणून. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं तीन आरोपींना फाशी सुनावली, पुढे उच्च न्यायालयानं ती कायम केली. आणि आता सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा सिद्ध मानूनही फाशीऐवजी जन्मठेप दिली होती, किमान पंचवीस वर्षांची. मावशीला वाटलं, कोणीतरी कुठेतरी काहीतरी फिरवलं.

तिला समजावताना मला पहिली अडचण आली ती आपल्या भाषेची. ‘फाशी झाली’ हे आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो. न्यायाधीशानं शिक्षा वाचून दाखवली, तरी फाशी झाली. वरच्या कोर्टानं ती कायम केली, तरी फाशी झाली. आणि पहाटे तुरुंगात खरोखर दोर ओढला गेला, तरी फाशीच झाली. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या ‘फाशी’मध्ये केवढं अंतर आहे ते आकड्यांत बघा. एकट्या २०२३ या वर्षात देशातल्या सत्र न्यायालयांनी १२० जणांना फाशी सुनावली. त्या वर्षाच्या शेवटी तुरुंगांत फाशीची शिक्षा झालेले ५६१ कैदी होते. आणि २००४ ते २०२४ या सगळ्या काळात प्रत्यक्ष फासावर गेले आठ. त्यातले चार एकाच पहाटे, २० मार्च २०२० ला, दिल्लीच्या तिहारमध्ये, निर्भया प्रकरणात.

सियागंजातला व्यापारी कच्चं बिल आणि पक्कं बिल यात फरक करतो ना, तसं हे आहे. सत्र न्यायालयाची फाशी म्हणजे कच्चं बिल. ते उच्च न्यायालयाकडे पाठवावंच लागतं, आरोपीनं अपील केलेलं असो वा नसो. तिथे दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पुन्हा पहिल्यापासून वाचतात. आमच्याकडे हे काम एम. जी. रोडवरच्या इंदूर खंडपीठात होतं. ते शिक्षा कायम करू शकतात, कमी करू शकतात, आरोपीला निर्दोष सोडूही शकतात. मग सर्वोच्च न्यायालयात अपील. तिथेही हरलं तर पुनर्विचार याचिका. इतर खटल्यांत ही याचिका न्यायमूर्ती आपल्या दालनात वाचून निकाली काढतात, पण फाशीच्या प्रकरणात ती खुल्या न्यायालयात ऐकावी लागते, असं २०१४ पासून ठरलं आहे. त्यानंतर राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. राष्ट्रपती तो मनानं ठरवत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं ठरवतात. अर्ज फेटाळल्यावरही कैद्याला कळवून चौदा दिवस थांबावं लागतं.

“म्हणजे सुटायला सात दारं,” मावशी म्हणाली.

सुटायला नव्हे, तपासायला, असं मी म्हणालो. पण तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. या दारांमधून जाताना शिक्षा टिकते किती, याचा दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता. २०१६ साली आलेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे खालच्या कोर्टांनी सुनावलेल्या शंभर फाश्यांपैकी शेवटपर्यंत टिकतात त्या पाचच्या आसपास. बाकीच्यांची शिक्षा कमी होते, किंवा ते चक्क निर्दोष ठरतात. आता यावरून दोन माणसं दोन निष्कर्ष काढतील. एक म्हणेल वरची कोर्टं मऊ आहेत. दुसरा विचारेल की शंभरातले पंच्याण्णव वेळा ज्याचं गणित वर जाऊन बदलतं, त्याच्या हाती हा निर्णय द्यायचाच कशाला? मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मीठ आपल्या हातानं घालून घ्याल.

बरं, फाशी द्यायची कधी, हे कायदा सांगतो का? सांगतो, पण त्याचं सांगणं दर पिढीला बदललं आहे. इंग्रजांच्या काळात खुनाला फाशी हा नियम होता, आणि जन्मठेप दिली तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. म्हणजे न मारण्याचं कारण. १९५५ मध्ये ती अट गेली. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं उलटा नियम आणला: आता फाशी दिली तर ‘विशेष कारणं’ लिहायची. १९८० साली बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मतांनी फाशी घटनेत बसते असं म्हटलं, पण तिच्यावर झाकण घातलं. तेच ते आपण बातम्यांत ऐकतो ते ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरण. आजही, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावरही, खुनाच्या कलमाचा (आताचं १०३) ढाचा तोच आहे: फाशी किंवा जन्मठेप.

या ‘दुर्मिळातील दुर्मिळ’चा अर्थ बहुतेक लोक ‘अतिशय क्रूर’ असा घेतात. मी स्वतः वकिलीची सनद घेतल्यावर कितीतरी वर्षं तसाच घेत होतो. पण निकालात दोन पारडी आहेत. एका पारड्यात गुन्हा: किती निर्घृण, कोणावर, कसा. दुसऱ्यात गुन्हेगार: त्याचं वय काय, तो कुठून आला, आधी काही केलंय का, मानसिक स्थिती कशी, तो सुधारेल का. आणि फाशी तेव्हाच, जेव्हा जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झालेला असेल. दुसरं पारडं भरायचं काम सरकारी पक्षावरही आहे. हा माणूस सुधारूच शकत नाही, हे त्यानं दाखवायचं असतं.

प्रत्यक्षात काय होतं? दुसऱ्या पारड्यात कुणी काही टाकतच नाही. दोषी ठरवलं सकाळी, शिक्षेवर सुनावणी दुपारी. आरोपीचा वकील, बहुधा सरकारनं नेमून दिलेला, उभा राहून म्हणतो: माझा अशील गरीब आहे, म्हातारे आईवडील आहेत, दया करावी. संपलं. एका माणसाच्या आयुष्याची चौकशी तीन वाक्यांत. मी हे एका सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून पाहिलं आहे, माझ्या दाव्याची तारीख पुकारायची वाट बघत. घड्याळ बघितलं नव्हतं, पण माझ्या हातातला चहा अजून गरम होता.

मावशीच्या हातातल्या बातमीचा गाभा हाच होता. कायद्याच्या वर्तुळात तो निकाल ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या नावानं ओळखला जातो, २० मे २०२२ चा. न्यायालयानं आधी त्या आरोपींच्या तुरुंगातल्या वागणुकीचे आणि मानसिक स्थितीचे अहवाल मागवले, म्हणजे खाली जे व्हायला हवं होतं ते अकरा वर्षांनी वर झालं. मग सांगितलं की इथून पुढे ही माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा करायची आणि सरकारनंही ती द्यायची. गुन्हा भयंकर होता हे न्यायालयानं कुठेही नाकारलं नाही. म्हणजे इंदूरच्या एका घरावर कोसळलेल्या संकटातून सगळ्या देशासाठी नियम तयार झाला. त्या घराला याचं काय, हा प्रश्न उरतोच. तो मला कधी सोडवता आलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षेपूर्वीची ही सुनावणी नेमकी कशी व्हावी, हा विषय पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. ते प्रकरणही आपल्याच राज्यातलं.

आता फाशीच्या विरोधातला जो मुद्दा मला सर्वांत जड वाटतो तो. तो दयेचा नाही. तो नशिबाचा आहे.

उत्तर प्रदेशातल्या एका खुनाच्या खटल्यात तिघा आरोपींना सारखीच फाशी झाली होती. तिघांनी सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे अर्ज केले आणि ते वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाचा फेटाळला गेला. एकाची शिक्षा जन्मठेपेवर आली. तिसऱ्याचाही फेटाळला गेला, पण फाशीच्या आधी कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, यातल्या एकाची तर माफ झाली आहे! तिसऱ्याची फाशी थांबली. पहिला मात्र ऑक्टोबर १९८१ मध्येच फासावर गेला होता. गुन्हा तोच, पुरावा तोच. या प्रकरणाचा निकाल देणाऱ्या पीठावर सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते, म्हणजे पुण्याचे आपलेच. त्यांनीच दोन वर्षांपूर्वी बचन सिंग खटल्यात फाशी घटनेत बसते असं म्हणणाऱ्या पीठाचं अध्यक्षपद भूषवलं होतं. बचन सिंगमधला एकटा विरोधी सूर होता न्यायमूर्ती भगवती यांचा. शिक्षा कोणत्या पीठापुढे प्रकरण येतं यावर अवलंबून राहते, हेच त्यांचं म्हणणं होतं.

आणि नशीब फक्त वेळेचं नाही. त्याच २०१६ च्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले निघाले. श्रीमंत माणूस खून करत नाही असं थोडंच आहे. त्याचा वकील दुसरं पारडं भरतो, एवढाच फरक.

“पण ज्यानं केलं त्यानं केलं ना,” मावशी म्हणाली. “गरीब असो की शेठ.”

इथे मी तिला नाशिकजवळची २००३ सालची गोष्ट सांगितली. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच माणसं मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. म्हणजे देशातलं सगळ्यात वरचं दार ओलांडून सहा जण दोराकडे निघाले. पुढे त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं निघालं. आणि ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदारानं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चार माणसांना ओळखलं होतं, हे समोर आलेलंच नव्हतं. सोळा वर्षं गेली. न्यायालयानं राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. ते ‘सुटायची सात दारं’ नसती तर?

मावशी काही बोलली नाही. चष्मा काढून पदरानं पुसला.

फाशीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं करत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला ‘सुधारणा’ हा शब्द शिवीसारखा वाटतो, आणि तसा वाटण्याचा त्याला हक्क आहे. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या आठवणीनं माझी आई आयुष्यभर रात्री कडी दोनदा तपासायची. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी दिली तेव्हा इंदुरातही लोकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. सूड हा शब्द आपण टाळतो, पण समाजाला काही गुन्ह्यांबद्दल ‘हे नाही म्हणजे नाही’ असं जाहीरपणे म्हणावंसं वाटतं, ही भावना खोटी नाही.

पण ‘धाक बसतो’ हा युक्तिवाद तपासून बघता येतो, आणि तो फारसा टिकत नाही. आपल्याच देशातलं उदाहरण आहे. त्रावणकोर संस्थानात १९४४ मध्ये फाशी बंद झाली होती, आणि भारतात विलीन झाल्यावर ती परत आली. १९४५ ते १९५० या फाशी नसलेल्या काळात तिथे ९६२ खून झाले. फाशी परत आल्यावरच्या १९५० ते १९५५ मध्ये ९६७. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनंही २०१२ मध्ये तिथले अनेक दशकांचे अभ्यास तपासून सांगितलं की यावरून फाशीनं खून कमी होतात किंवा वाढतात, असं काहीच म्हणता येत नाही. खून करणारा एकतर रागाच्या भरात असतो, नाहीतर त्याची खात्री असते की आपण सापडणार नाही. त्याला थांबवायचं तर सापडण्याची भीती हवी. दोराची जाडी तो मोजत बसत नाही.

आमच्या राज्याला मात्र दोराचा मोह पडला होता. डिसेंबर २०१७ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद करणारं विधेयक मध्य प्रदेशानं सगळ्यात आधी मंजूर केलं. पुढल्या वर्षी केंद्रानंही तसा कायदा केला. २०१८ मध्ये देशात सर्वाधिक फाश्या सुनावल्या त्या मध्य प्रदेशातल्या कोर्टांनी. त्यातली एक राजवाड्याजवळच्या, काळीज गोठवणाऱ्या प्रकरणातली. अगदी तान्हं बाळ होतं. घटनेपासून फाशी सुनावेपर्यंत महिनासुद्धा गेला नाही. शहरभर कौतुक झालं, मीही केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकालच रद्द केला. खटला इतक्या घाईत चालला की आरोपीला बचावाची नीट संधी मिळाली नाही, डीएनए अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाची साक्षही झाली नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून चालवा. त्या आईबापांना तेच सगळं पुन्हा. घाई कुणाच्या कामी आली, ते मला कुणी सांगावं.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात. काकाला फाशी होईल म्हटल्यावर घरातली बाई तक्रार करेल की पोरीचं तोंड दाबेल?

“मग काय, चौदा वर्षांनी सोडून द्यायचं?” हा मावशीचा शेवटचा बाण. हा गैरसमज तर वकिलांतही आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. १९६१ मध्ये गोपाळ विनायक गोडसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सरकार सूट देऊ शकतं, पण खुनासारख्या गुन्ह्यात ती सूट चौदा वर्षं पूर्ण होण्याआधी देता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. शिवाय २००८ पासून न्यायालयांनी मधली वाट काढली आहे: वीस, पंचवीस, तीस वर्षं, किंवा मरेपर्यंत, सूट नाही. २०१५ मध्ये घटनापीठानंही ती वाट मान्य केली. त्याच वर्षी विधी आयोगानं, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी बंद करावी अशी शिफारस केली. ती अजून कागदावरच आहे. आणि इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, महूला जन्मलेले बाबासाहेब आंबेडकर जून १९४९ मध्ये संविधान सभेत याच मताचे होते. फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असताना ते म्हणाले होते की यापेक्षा फाशीच रद्द करणं मला जास्त पटेल.

मावशीनं मग ठेवणीतलं अस्त्र काढलं. “अहिल्यामातेनं पोटच्या पोराला सोडलं नव्हतं.”

इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात ही आख्यायिका असते. मालेरावाच्या रथाखाली गाईचं वासरू मेलं, तर अहिल्याबाईंनी त्यालाही तसंच रथाखाली घालायची आज्ञा दिली. कोणी सारथी रथ हाकायला तयार होईना, तेव्हा त्या स्वतः बसल्या. इतिहासात याला आधार नाही, मालेराव वर्षभरही राज्य न करता १७६७ मध्ये आजारपणात गेले. पण गोष्ट आपल्या मनात घट्ट बसली आहे, आणि आपण ती नेहमी अर्धीच सांगतो. पुढे काय होतं? तीच गाय, जिचं वासरू गेलं, ती रथाच्या आडवी येऊन उभी राहते. बाजूला केली तरी पुन्हा येते. शेवटी रथ थांबतो. ती आडवी आली म्हणून त्या जागेला आडा बाजार म्हणतात. आमच्या राजवाड्यापासून चार पावलांवर.

“ती गाय होती रे,” मावशी म्हणाली. “माणसाला जमत नाही तसं.” मग तिनं पेपरची घडी घातली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. “किमान पंचवीस वर्षं म्हणालास ना? २०११ पासून म्हणजे २०३६. तेव्हा मी काही नसणार. तू असशील. लक्ष ठेव.”

आणि पोह्यांचा पुडा उघडला. जिलबी गार झाली होती.